भोरडीचं हरवलेलं पाणी

१

जलदान विधीला आलेली माणसं जेवून उठत होती, तेवढ्यात दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. ऊन लख्ख पडलं होतं. त्याच्या हातात मिटलेली छत्री होती, आणि दुसऱ्याची ठेव परत करायला आल्यासारखी ती त्यानं दोन्ही तळव्यांवर आडवी धरली होती.

पगारे साहेबांचं घर हेच का, असं त्यानं विचारलं. विशाखा पुढं झाली. छत्री उघडून बघायची गरज नव्हती, तरी तिनं ती उघडली. आतल्या कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये दादांच्या, तिच्या वडिलांच्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सावळीराम पगारे, नाशिकरोड.

त्या माणसाचं नाव भिका. जांभाळ्याचा. त्याची बायको तांबडी ओढ्यावर धुणं धुवायला गेली, तेव्हा ही छत्री करंजाच्या मुळात अडकलेली तिला दिसली. नाव वाचून शाळेच्या मास्तरांनी सांगितलं, की हे तर मोजणीचे साहेब, परवाच वारले, पेपरात आलं होतं. कांद्याच्या ट्रकमधून तो नाशिकला आला होता.

"मेलेल्या माणसाची छत्री घरात ठेवायची नव्हती," तो संकोचून म्हणाला. "आणि टाकवंना पण."

लताबाईंनी, विशाखाच्या आईनं, त्याला पानावर बसवलं. विशाखा छत्री घेऊन आतल्या खोलीत गेली. कॉलेजच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून तिची दहा वर्षं गेली होती. पुस्तक चुकीच्या कपाटात सापडलं, की ते तिथं कुणी ठेवलं हे शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ही छत्री चुकीच्या कपाटात सापडली होती.

दादा बुडाले ते भोरडी नदीत. भोरडी सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते आणि पश्चिमेला उतरते, गुजरातेतून समुद्राला मिळते. तांबडी ओढा त्याच माथ्यावर उगवतो, पण पूर्वेला उतरून गिरणेला मिळतो. दोघांच्या मध्ये डोंगराची धार आहे. ती धार पाणी ओलांडत नाही म्हणून तर वीस वर्षं या जिल्ह्यात भांडण चाललं होतं.

मग वडील डोंगराच्या त्या बाजूला वाहून गेले असतील, तर त्यांची छत्री या बाजूला कशी आली?

२

भांडण साधं होतं. पश्चिमेला जाणारं पाणी अडवायचं, डोंगराखालून बोगदा काढायचा आणि ते पूर्वेला वळवायचं. सटाणा-मालेगावकडचे म्हणत ते गिरणेत सोडा, निफाड-सायखेड्याकडचे म्हणत गोदावरीत. डोंगरातल्या पाड्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आधी मुद्दा होता, की भोरडीत वळवण्याजोगं पाणी आहे तरी किती. नदीत उभ्या केलेल्या आकड्यांच्या पट्टीवरून ते मोजायचं काम सावळीराम पगाऱ्यांचं होतं.

आणि त्यांचे आकडे कमी निघाले. पाऊस चांगला, नदी मात्र बारीक. तीन पावसाळे हेच. सटाण्याच्या सभांतून उघड बोललं जाऊ लागलं, की आकडे घरी बसून लिहिलेत. या वादासाठी नेमलेल्या सरकारी समितीनं पगाऱ्यांना जबानीला बोलावलं, आणि जबानीच्या आधीच ते मोजणीच्या जागी बुडाले; प्रेत तिथल्याच डोहात वर आलं. काठावर त्यांचे बूट नीट जोडीनं ठेवलेले होते. जीव द्यायला जाणारा माणूस पायातलं काढून ठेवतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पोलिसांनी कागदावर काहीच नक्की लिहिलं नाही, पण गावानं लिहून टाकलं : खोटे आकडे दिले, पकडले गेले, लाजेनं जीव दिला.

समिती आता गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात बसणार होती आणि मयताच्या वतीनं कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा, असा निरोप आला होता. तिथं जे नोंदलं जाईल तेच कायम राहणार होतं. दादांनी आयुष्यभर एक आकडा खोडला नव्हता. तो माणूस खोटारडा म्हणून कागदावर राहावा, हे विशाखाला सहन होणार नव्हतं.

ती आधी सटाण्याला गेली. निवृत्तीअप्पा सोनवणे कांद्याचे व्यापारी आणि गिरणेच्या पाण्याचे पुढारी. आरोप पहिल्यांदा त्यांनीच केला होता. मार्केटातल्या गाळ्यात कांद्याच्या ढिगाला पाठ टेकून ते बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, वडिलांबद्दल दोन चांगले शब्द बोलले. मग म्हणाले, की त्यांचा राग माणसावर नाही, आकड्यावर आहे.

"पाऊस तर पडला, मग पानी कथा गयं, कुठं गेलं?" ते म्हणाले. "सांगा ना ताई. आभाळातून पडलेलं पाणी पट्टीपर्यंत पोचत नाही, म्हणजे मधे कुठं तरी मुरी ऱ्हायनं. डोंगरात नाही, ऑफिसात."

विशाखानं विचारलं, की दादांना खोटं लिहून काय मिळणार होतं.

"त्यांना नसंल. त्यांच्या हाताखालचा चिमाजी बोरस्ते कुठला शे? सायखेड्याचा. गिरणेला पाणी मिळू नये म्हणून बसलेलं गाव. आणि तुमचे वडील..." ते थांबले. "कोट्यातून आलेला माणूस. वरचे सांगतील तिथं सही."

विशाखानं चहाचा कप खाली ठेवला. ते वर्गात पहिले आले होते, एवढंच ती म्हणाली. अप्पांनी नजर ढिगाकडे वळवली.

निरोप देताना मात्र ते बोलून गेले, की बोगद्याचा सोसही त्यांना नाही. "डोंगरात एखादी अशी खिंड सापडू द्या, जिथून पाणी आपल्या पायानं इकडं उतरंल. उद्याच्या उद्या तिथं धरणाचा नारळ फोडतो. खाली काय बुडंल ते बुडो."

३

चिमाजी बोरस्ते मोजणी कार्यालयात दादांच्याच खुर्चीत बसला होता. विशाखाला पाहून तो घाईनं उठला आणि बाजूच्या बाकावर बसला. दोन्ही हालचाली तिच्या लक्षात राहिल्या.

तो तिशीतला, हडकुळा, नजर चुकवून बोलणारा. त्या दिवशी आपण रजेवर सायखेड्याला होतो, साहेब एकटेच गेले, असं त्यानं न विचारता सांगितलं. छत्री तांबडीत सापडल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"तांबडीत? नक्की?"

"जांभाळ्याच्या खाली. तुम्हाला काय वाटतं?"

कुणीतरी नेऊन टाकली असेल, असं तो पुटपुटला. मग अचानक म्हणाला, "बुटांचं मात्र मला पटत नाही, ताई. भोरडीची पट्टी वरच्या पायरीवरून दिसते. खाली डोह आहे, शेवाळ आहे. तिथं पाण्यात कुणी उतरत नाही. पाण्याचा वेग काढायचा तर तारेवरचा पाळणा आहे. साहेबांनी तिथं बूट काढलेले मी सात पावसाळ्यांत पाहिले नाहीत."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

तो टेबलावरची धूळ बोटानं पुसू लागला. "बूट साहेबांनी नाही ठेवले, तर दुसऱ्या कुणी तरी ठेवले. त्या जागेची माहिती असलेले आम्ही दोघंच. साहेब गेले. राहिलं कोण?"

उत्तर प्रामाणिक वाटत होतं, आणि तेच तिला आवडलं नाही. स्वतःवरचा संशय आधीच बोलून टाकला, की समोरचा गप्प बसतो, हे हुशार माणसाला ठाऊक असतं. आत्महत्येचा देखावा करायचा तर पायरीवर बूट ठेवण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही. वर दादांची खुर्चीही त्याला मिळाली होती.

घरी येऊन तिनं आईकडे ते बूट मागितले. पोलिसांनी परत दिल्यापासून लताबाईंनी ते कपाटाच्या तळाशी ठेवले होते. तपकिरी कॅनव्हासचे, टाच झिजलेली. विशाखानं उजव्या बुटात हात घातला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

आतलं अस्तराचं पांढरं कापड लालभडक डागांनी भरलं होतं.

४

रक्त असेल, असं पहिल्यांदा तिलाही वाटलं. पण दादांच्या पायाला जखम नव्हती, तिनं स्वतः ते पाय धुतले होते. आणि दोन्ही बुटांत, चवड्यापासून टाचेपर्यंत, सारखेच डाग? माणूस दोन्ही पायांनी इतकं नेमकं रक्तबंबाळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. फाट्यावर उतरून चालत भोरडीच्या पट्टीपाशी गेली. चिमाजी म्हणाला होता ते खरं होतं. वरच्या पायरीवरून आकडे स्वच्छ दिसत होते. बूट सापडले ती जागा पाण्यालगतच्या खालच्या पायरीवर होती. तिथं जाण्याचं काही कारणच नव्हतं. ज्याला पट्टी कशी वाचतात हे ठाऊक आहे, त्यानं खोटा अपघात रचला असता तर बूट पायातच राहू दिले असते. ज्यानं ते इथं आणले, त्याला असं वाटत होतं, की साहेब रोज पाण्यात उतरूनच मोजत असणार.

म्हणजे लांबून बघणारा. ऑफिसातला नव्हे.

ती नदीकाठानं वर चढू लागली. श्रावणात पावसानं ओढ दिली होती, मध्ये एकच दिवस कोसळून तो पुन्हा गेला होता. वाटेतल्या खाचरांत भाताची रोपं पिवळी पडून माना टाकत होती. चढ वाढला तशी आंजण-करवंदीची झाडं संपली आणि साग सुरू झाला. तोल जाऊन तिनं एका फांदीला हात घातला, कोवळ्या पानांचा झुबका मुठीत चुरगळला. हात सोडवून बघते तर तळवा लाल.

तिनं दुसरं पान घेतलं, चोळलं. तोच रंग. पिशवीतून तिनं बूट काढले आणि तळवा अस्तराशेजारी धरला.

बुटांत कुणीतरी सागाची कोवळी पानं चुरून कोंबली होती. पाऊस आत जाऊ नये म्हणून. मरायला निघालेला माणूस बुटांची एवढी काळजी घेत नाही, आणि मारायला आलेला तर नाहीच.

खाली पट्टीजवळ एकही साग नव्हता.

"तिकडं वाट नाय, बाई," मागून आवाज आला. खांद्यावर कोयता टाकलेला एक उंच, पिकल्या केसांचा माणूस वाट अडवून उभा होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, हातातल्या बुटांवर होती.

५

त्याचं नाव देवराम. भोकरपाड्याचा. तो एवढंच सांगत राहिला, की वर खडक आहे, वाघरू आहे, बाईमाणसानं जाऊ नये. विशाखानं वाद घातला नाही. ती सागवानाच्या वाटेनं चालत राहिली आणि तो काही अंतर ठेवून मागोमाग आला.

माथ्यावरच्या बोरखिंडीत पोचल्यावर तिला काही विचारायची गरज उरली नाही. डोंगराची धार तिथं घोड्याच्या पाठीसारखी खोल गेली होती. भोरडी त्या खोलगटीच्या अगदी कडेनं वाहत होती. प्रवाहात दगड रचून आडवा बांध घातलेला, मध्यभागी नुकताच ढासळलेला, घाईनं पुन्हा भरलेला. बांधाच्या एका अंगानं नदी पश्चिमेला उतरत होती. दुसऱ्या अंगानं हातानं खणलेला, चिखलानं लिंपलेला एक पाट खिंड ओलांडून पूर्वेला निघाला होता. पाटाच्या पलीकडे, पाड्याची खाचरं हिरवीगार उभी होती. त्यांतून निथळलेलं पाणी ओहळानं तांबडीकडे जात होतं.

माणूस पश्चिमेला आणि छत्री पूर्वेला जाईल अशी जागा या डोंगरावर एकच असू शकत होती. जिथं पाणीच दोन वाटांनी जातं ती. आणि तीन पावसाळे पट्टीपर्यंत न पोचलेलं पाणी समोर भातात उभं होतं. दादांचा एकही आकडा खोटा नव्हता.

"माझे वडील इथं गेले," ती म्हणाली. "खाली नाही."

देवराम बसला. कोयता त्यानं गवतावर ठेवला. खाचरातून एक बाई वर आली, त्याची बायको भागीबाई. विशाखाच्या पिशवीतले बूट पाहून तिनं तोंडाला पदर लावला.

मग दोघांनी मिळून सांगितलं. साहेब एकटाच वर आला, म्हणाला, माझं पाणी कुठं जातंय ते शोधत आलो. पाट बघून मोठ्यानं हसला. सरकार वीस वर्षं जे ठरवतंय ते तुम्ही टिकाव-फावड्यानं केलंत, म्हणाला. मग त्याचं हसणं गेलं. पाटाशेजारी छत्री टेकवून तो कितीतरी वेळ खाचरांकडे बघत बसला.

"मी इचारला, सायेब, सरकारला सांगशील?" देवराम म्हणाला. "तो काय बोललाच नाय."

तेवढ्यात वरच्या डोंगरात पाऊस फुटला. पाणी चढलं. बांध मोकळा केला नसता तर तुंबलेलं पाणी पाटानं उतरून सगळी आवणी, म्हणजे लावलेली रोपं, वाहून गेली असती, म्हणून पाड्यातली माणसं दगड उपसायला धावली. साहेबानंही बूट काढले. भागीबाईनं त्यांत पानं कोंबून ते झाडाखाली ठेवले, पाहुण्याला परत कोरडे घालता यावेत म्हणून. तो पाण्यात उतरला, देवरामच्या शेजारी उभा राहून दगड ओढू लागला. मधला दगड सुटला आणि बांधाबरोबर तो गेला. छत्री पाटानं ओढून नेली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आमी काठाकाठानं पळालो, बाई. डोहापर्यंत. नाय सापडला." देवरामनं उताराकडे हात केला. "सरकारचा मानूस आमच्या बांधावर मेला. कोन आयकनार होता आमचं? पाट तरी ऱ्हाता का?"

बूट खाली नेऊन ठेवले ते भागीबाईनं. रोजच्या कामात पाय घसरला असं लोकांना वाटावं म्हणून. त्यावरून लोक साहेबाला जीव दिलेला समजतील, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्यात कोणी जीव द्यायला जाताना काय काढून ठेवत नाय, ती म्हणाली. पायात काही असलं तर ना.

विशाखानं बूट पिशवीत आत सारले. इतके दिवस ती गुन्हेगार शोधत होती. समोर ही दोघं बसली होती, आणि त्यांनी खोटं बोलून तिच्या वडिलांचं नाव मातीत घातलं होतं, हेही खरंच होतं. एक वाक्य पुरे होतं. समितीपुढं बोरखिंड म्हटलं, की दादा सच्चे ठरत होते. आणि निवृत्तीअप्पांना पाणी आपल्या पायानं उतरेल अशी खिंड सापडत होती. धरण, भोकरपाडा, खाचरं, सगळं त्या एका वाक्यात होतं.

"सांगनार का, बाई?" देवरामनं विचारलं.

दादांना विचारलेला तोच प्रश्न. त्यांनी काय उत्तर दिलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी आकडा लपवला नव्हता. पण त्यांनी बूट काढले होते.

६

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत निवृत्तीअप्पा, मागं सायखेड्याची माणसं, भिंतीशी टेकून चिमाजी. टेबलावर छत्री आणि बूट.

विशाखानं वाचनालयात बोलायची त्याच आवाजात मांडणी केली. पट्टी वरच्या पायरीवरून वाचतात, तिथं बूट काढायचं कारण नाही. बुटांतले डाग सागाच्या कोवळ्या पानांचे, पट्टीजवळ साग नाही. पानं कोंबली ती बूट कोरडे राहावेत म्हणून, म्हणजे ते परत घालायचे होते. छत्री दुसऱ्याच ओढ्यात मिळाली. तेव्हा सावळीराम पगारे डोहावर मेले नाहीत आणि त्यांनी जीव दिला नाही. ते दुसरीकडे, चढत्या पाण्यात इतरांच्या मदतीला उतरले आणि अपघातानं गेले. बूट नंतर भीतीपोटी खाली आणले गेले.

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला. हे सगळं पटण्यासारखं आहे, ते म्हणाले. पण ही दुसरी जागा कुठली? आणि आकड्यांचं काय?

"आकडे खरे आहेत."

"मग पाणी कुठं गेलं?"

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. विशाखानं टेबलाची कड धरली.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी दोनदा समजावलं. जागा सांगितली नाही तर आकड्यांवरचा शेरा पुसता येणार नाही, याची तिला जाणीव आहे ना? आहे, ती म्हणाली. शेवटी नोंद झाली : मृत्यू अपघाती, मोजणी शंकास्पद, विचारात घेऊ नये. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. लताबाईंनी उठून टेबलावरचे बूट पिशवीत घातले.

बाहेरच्या व्हरांड्यात अप्पांनी तिला गाठलं. बापाचं नाव सोडलंत, म्हणजे त्याच्याहून मोठं काहीतरी झाकताय, ते मवाळपणे म्हणाले. ती पुढं गेली. अप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले, हे मागं न वळताही तिला कळत होतं.

फाटकाशी चिमाजी उभा होता. तिला पाहून या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

"बोरखिंड," तो हळूच म्हणाला. "छत्री आणि साग. आता नकाशा डोळ्यांपुढं आणला, तर दुसरी जागाच नाही."

दादांचा शिष्य होता तो, त्याला कळायला वेळ लागणारच नव्हता. आणि तो सायखेड्याचा होता, त्याला बढती हवी होती, अप्पा अजून व्हरांड्यात होते. संशयाला जेवढी कारणं लागतात तेवढी सगळी हजर होती.

"मग काय करणार आहात?" तिनं विचारलं.

"उद्यापासून भोरडी माझ्याकडे आहे." त्यानं व्हरांड्याकडे एकदा पाहिलं. "ताई, आमचं काम पट्टीपाशी. पट्टीच्या वर नदी काय करते, ते बघायला जायचं मोजणीत येत नाही. साहेब गेले, ते त्यांच्या मनानं गेले. मी जाणार नाही."

"आणि तुमचेही आकडे कमी निघतील तेव्हा?"

"तेव्हा मलाही खोटं म्हणतील," तो म्हणाला. "बघू."

त्या शब्दामागं काहीही असू शकत होतं, आणि या वेळी तपासायला हातात ना डाग होता, ना छत्री. तिनं आईचा हात धरला आणि त्याला म्हणाली, की रविवारी घरी जेवायला या, दादांची मोजणीची हत्यारं तुम्हीच न्या.